भरवशाचे प्लग

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला रस्त्यावरचे लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "लिटरला किती देते?" आणि दुसरा, "द्यायची आहे का?" पहिल्याचे उत्तर ऐकून ते हळहळतात आणि दुसऱ्याचे ऐकून हिरमुसतात. पण ज्याच्या स्वतःच्या दारात एखादी जुनी गाडी उभी आहे असा गृहस्थ भेटला, तर तो हे दोन्ही प्रश्न गाळतो. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, बॉनेटवर हलकेच हात ठेवतो आणि वैद्याला एखादे गुप्त औषध विचारावे तशा आवाजात विचारतो, "प्लग कोणते वापरता?"

हा प्रश्न मला पेट्रोल पंपावर विचारला गेला आहे, लग्नाच्या मांडवात विचारला गेला आहे, आणि एकदा तर स्मशानाच्या फाटकातही विचारला गेला आहे. विचारणाऱ्याला उत्तरात एक नाव हवे असते. मी ते सांगतोही. तो समाधानाने जातो, आणि महिन्याभराने त्याचा फोन येतो, "अहो, तुम्ही सांगितलेले प्लग घातले, पण गाडी मिसिंग करतेच आहे." यात त्याचाही दोष नाही आणि प्लगाचाही नाही. चष्म्याच्या दुकानात जाऊन "आमच्या शेजाऱ्यांचा आहे तसाच द्या" म्हणण्यासारखे हे झाले. शेजाऱ्यांना त्यातून स्वच्छ दिसते हे खरे, पण डोळे आपले आहेत!

माझी गाडी १९६४ सालची अॅम्बॅसडर, मार्क टू. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची ही हिंदुस्थानी बहीण. इंजिन १४८९ सी.सी.चे, चार सिलिंडरांचे, बी.एम.सी.च्या 'बी सिरीज' घराण्यातले. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. उत्तरपाड्याच्या कारखान्यातले अॅम्बॅसडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले, तेव्हा पुष्कळांनी मला सहानुभूतीचे फोन केले, जणू घरातले कोणी गेले. पण सुटे भाग अजून मिळतात, आणि प्लग तर अगदी सहज मिळतात. हा भाग इतका छोटा आणि स्वस्त की त्याच्या निवडीवर डोके खाजवणे लोकांना हास्यास्पद वाटते. पण टनाहून जड गाडी चढावर उभी करायला यातला एक पुरतो.

प्लगाचे काम वाचायला सोपे आहे. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये जाऊन कित्येक हजार व्होल्टांचे होतात, ते डिस्ट्रीब्यूटरमधून पाळीपाळीने एकेका प्लगाकडे येतात, आणि प्लगाच्या टोकाशी असलेली अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट ओलांडताना ठिणगी पडते. आता इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या हिशेबाने प्रत्येक प्लगाला मिनिटाला दीड हजार, म्हणजे सेकंदाला पंचवीस ठिणग्या पाडाव्या लागतात. प्रत्येक ठिणगीनंतर दोन हजार अंशांच्या वरची आग, आणि लगेच तोंडावर नव्या पेट्रोलचा गार फवारा. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात एकदा होळी आणि एकदा रंगपंचमी! हे सोसून ज्याची मान तडकत नाही, तो प्लग.

ही मान चिनी मातीची. म्हणून प्लगाचा धंदा हा वरवर लोहाराचा दिसला, तरी मुळात कुंभाराचा आहे. जपानची एन.जी.के. कंपनी १९३६ साली निघाली. तिच्या नावातला 'गायशी' हा शब्द म्हणजे जपानी भाषेत विजेच्या तारांना लावतात ते चिनी मातीचे इन्सुलेटर. तेच करणाऱ्या घराण्यातून ती निघाली. इंग्लंडचे 'लॉज' प्लग सर ऑलिव्हर लॉज या बिनतारी संदेशवहनात नाव मिळवलेल्या शास्त्रज्ञाच्या मुलांनी काढले. 'के.एल.जी.' ही केनेल्म ली गिनेस या शर्यतपटूची आद्याक्षरे. अल्बर्ट चॅम्पियन हा तर फ्रान्सातला सायकलपटू. अमेरिकेत जाऊन त्याने प्लगांचा कारखाना काढला, पुढे भागीदारांपासून वेगळा झाला, आणि स्वतःचेच आडनाव मागे राहिल्यामुळे नव्या कारखान्याला नुसती आद्याक्षरे दिली, 'ए.सी.' आपल्याकडे १९५१ साली बंगळुरात मायको निघाली. मिस्त्री लोकांच्या दोन पिढ्या 'मायकोचा प्लग' म्हणतच मोठ्या झाल्या. २००८ साली तिचे नाव बॉश लिमिटेड झाले, पण काही मिस्त्री अजून मायकोच म्हणतात, आणि दुकानदाराला ते कळते.

नावांची ही श्रीमंती पाहून माणसाला वाटते की नाव मोठे तो प्लग चांगला. इथेच पहिली अडचण येते. प्रत्येक नावाखाली नंबर असतात, आणि निवडायचा असतो तो नंबर.

नंबर कशाचा? तर प्लग किती गरम राहतो त्याचा. 'गरम प्लग' म्हणजे जोरदार ठिणगी देणारा, अशी एक समजूत आहे. तसे नाही. ठिणगी दोघांची सारखीच. फरक आहे तो उष्णता वाहून जाण्याच्या वाटेत. लांब दांड्याची पळी आणि आखूड दांड्याची पळी उकळत्या आमटीत ठेवा. आखूड दांड्यातून उष्णता चटकन हातापर्यंत येते. लांब दांड्यातून येतच नाही. प्लगाच्या आत चिनी मातीचे टोक असते. ते लांब असले, की उष्णता हेडपर्यंत जायला वेळ लागतो आणि टोक तापलेले राहते. हा गरम प्लग. ते आखूड असले, की उष्णता लगेच हेडमध्ये उतरते. हा थंड प्लग.

टोक किती तापावे यालाही मर्यादा आहेत. साधारण साडेचारशे-पाचशे अंशांच्या खाली राहिले, तर त्यावर बसलेली काजळी जळून जात नाही, साचत जाते, आणि ठिणगी फटीतून न जाता काजळीवरून घसरून जाते. साडेआठशेच्या आसपास गेले, तर ते टोकच निखारा होते आणि ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल पेटवून मोकळे होते. मग पिस्टनची धडगत नाही. या दोन टोकांच्या मधे जो राहील तो आपला प्लग. आता तुम्हीच सांगा, सकाळी लक्ष्मी रोडवर दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी गाडी आणि पाच माणसे व सामान घेऊन महाबळेश्वर चढणारी गाडी, या दोघींना एकच नंबर कसा मानवेल? इंजिन तेच असले तरी संसार वेगळा आहे.

बरे, नंबर ठरवला म्हणजे सुटलो असेही नाही. एन.जी.के.मध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. चॅम्पियनमध्ये आकडा मोठा तितका गरम. बॉशची तर आणखी मौज. जुन्या पद्धतीत आकडा मोठा तो थंड होता. पुढे त्यांनी पद्धत बदलली आणि आकडा मोठा तो गरम झाला. पूर्वीचा १७५ तो नंतरचा ७, पूर्वीचा २२५ तो ५, आणि १४५ तो ८! म्हणजे आजोबांच्या पिढीतला मिस्त्री आणि नातवाच्या पिढीतला दुकानदार एकमेकांशी बोलू लागले, की दोघेही बरोबर असतात आणि प्लग चुकीचा येतो.

एकदा नाना पेठेत मी दुकानदाराला म्हणालो, "शेठ, यापेक्षा एक नंबर गरम द्या."

"साहेब," तो दुखावून म्हणाला, "आपल्याकडे सगळा एक नंबरच माल असतो. दोन नंबरचा आपण ठेवतच नाही."

म्हणून मी आता आकडा बोलत नाही. कागदावर पूर्ण नाव लिहून नेतो. एन.जी.के.चे 'बी पी ६ ई एस' हे नाव म्हणजे एखादा मंत्र वाटतो, पण ती साधी पत्रिका आहे. 'बी' म्हणजे आटे चौदा मिलिमीटर व्यासाचे. 'पी' म्हणजे चिनी मातीचे टोक थोडे पुढे आलेले. '६' हा उष्णतेचा नंबर. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी एकोणीस मिलिमीटर. 'एस' म्हणजे मधला दांडा साध्या जातीचा, आत तांबे असलेला. याच्या जोडीचा चॅम्पियनचा 'एन ९ वाय' आणि बॉशचा 'डब्ल्यू ७ डी'. सहा, नऊ आणि सात. तिघे एकाच वर्गातले.

यातल्या 'ई'कडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. त्या जागी 'एच' असेल, तर आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. दोन्ही प्लग त्याच भोकात, त्याच पान्याने, तितक्याच सहज बसतात. लांब भोकात आखूड प्लग बसवला, तर ठिणगी आत खोल खबदाडात पडते आणि उरलेल्या आट्यांत कार्बन जमतो. आखूड भोकात लांब प्लग बसवला, तर तो आत डोकावतो, आणि पिस्टनने किंवा व्हॉल्व्हने त्याला टोला दिला म्हणजे इंजिन खोलण्याचा मुहूर्त काढावा लागतो. फियाट अकराशेवाल्यांनी आणखी एक जपावे. त्यांचे हेड अॅल्युमिनियमचे. प्लग गरम इंजिनात काढू नये आणि आडवा बसवून पान्याने दामटू नये. आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवावा, मग नव्या वॉशरसह आलेल्या प्लगाला पान्याने अर्धा फेरा. पहिलवानी दाखवायला आखाडे आहेत.

हे सगळे पुस्तकी ज्ञान झाले. ते मला कमीअधिक ठाऊक होतेच. भरवसा म्हणजे काय ते मात्र मला खंबाटकी घाटात कळले.

२०२२ सालचा जुलै. साताऱ्याहून मामा अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. आई त्या वेळी ब्याऐंशी वर्षांची. घरातली नवी गाडी मुलगा घेऊन बाहेरगावी गेलेला. पाऊस असा, की भाड्याच्या गाडीवाल्यांनी फोन उचलायचे बंद केले होते. दारात अॅम्बॅसडर उभी होती. आई म्हणाली, "हिच्यातूनच जाऊ. हिला रस्ता ठाऊक आहे."

पंधरा दिवसांपूर्वीच चारही प्लग नवे घातले होते. एका नामांकित कंपनीच्या छापील खोक्यातले, बंद, पूर्ण किमतीचे, पावतीसह. जुने चार पंधरा हजार किलोमीटर चालून झाले होते; त्यांच्या कडा गोलावल्या होत्या आणि फट वाढली होती. नव्या प्लगांवर गाडी गावात दोनशे किलोमीटर चालली, आणि सुरेख चालली. एका सेल्फमध्ये चालू होई. आमचे मिस्त्री ऐकून खूश झाले, पण जाताना म्हणाले, "साहेब, जुने टाकू नका. डिकीत असू द्या." मी चहाच्या पत्र्याच्या डब्यात, कोणता कोणत्या घरातला त्याची चिठ्ठी बांधून, ते ठेवले होते.

शिरवळपर्यंत गाडी पाण्यातून होडीसारखी गेली. खंडाळा गाव मागे पडले आणि घाटाचा चढ लागला. तिसरा गिअर, मग दुसरा. दुसऱ्या वळणावर इंजिनाच्या आवाजात एक ठोका गळला. मग दर चौथा ठोका गळू लागला. मागे ट्रकांची रांग, पुढे धुके, काचेवर वायपर आपले रडगाणे गात होता. गाडी मोठ्या मिनतवारीने कडेला घेतली.

"काय झालं रे?" आईने विचारले.

"आई, एक प्लग गेलाय बहुतेक."

"मग दुसरा घाल की," ती म्हणाली, आणि जपमाळ पुढे चालू केली.

छत्री मानेत धरून मी बॉनेट उघडले. चालू इंजिनाच्या वायरी रबरी मुठीच्या पकडीने एकेक उपटून पाहिल्या. पहिली काढली, इंजिन लंगडले. दुसरी काढली, लंगडले. तिसरी काढली, काहीच फरक नाही. चोर सापडला. प्लग काढला तर त्याची चिनी मातीची मान लोखंडी कवचात चक्क हलत होती, आणि बाजूने गॅस निसटल्याचा तपकिरी डाग पडला होता. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा! डब्यातला तिसऱ्या घरचा जुना प्लग पुसला, फट डोळ्यांनी अजमावून जराशी मिटवली आणि बसवला. चारही ठोके परत आले. साताऱ्याला पोचलो तेव्हा मामा शुद्धीवर होते. त्यांनी आईला ओळखले. "पावसात कशाला आलीस?" एवढेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

पुण्यात परतल्यावर उरलेले तीन नवे प्लगही काढले. मिस्त्रींनी एकेक हातात घेऊन दाखवले. आट्यांच्या कडा खरखरीत. वॉशर बोटाने ढिला होऊन निघून येणारा. चिनी मातीवरची अक्षरे नखाने पुसली जाणारी. खोक्यावरच्या नावात 'आर' होता, म्हणजे रेडिओत खरखर येऊ नये म्हणून आत रोधक असलेला प्लग. अशा प्लगाच्या दोन टोकांना मीटर लावला, तर साधारण पाच हजार ओहम दाखवायला हवा. यांनी शून्य दाखवला. आत नुसती सळई! दुकानात खोके घेऊन गेलो. दुकानदाराने ते उलटेसुलटे पाहिले, "कंपनीचाच माल आहे," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पण मला खरे कोडे पडले होते ते वेगळे. हा प्लग गावात दोनशे किलोमीटर बिनबोभाट चालला कसा? मिस्त्रींनी त्याचे उत्तर दिले. "गावात इंजिनावर लोड कुठं असतो, साहेब?" पुस्तकातही तेच आहे. ठिणगीला फट ओलांडायला किती व्होल्ट लागतील, ते सिलिंडरमधल्या दाबावर ठरते. सपाटीवर अर्धवट पाय दाबून चालताना आत हवा थोडी शिरते, दाब कमी असतो, थोड्या व्होल्टांवर काम भागते. चढावर पाय पूर्ण दाबला, की सिलिंडर गच्च भरतो, दाब वाढतो आणि ठिणगीला तीच फट डोंगरासारखी होते. मग वीज सोपी वाट शोधते, आणि मान फुटकी असेल तर तिथून निसटते. म्हणजे प्लगाचे पाप सपाटीवर झाकलेले राहते, आणि उघडे पडायचे तर नेमके जिथे थांबणे परवडत नाही तिथे.

तेव्हापासून 'भरवशाचे प्लग' या शब्दांचा माझ्यापुरता अर्थ ठरून गेला. खोक्यातला कुठलाही प्लग, कितीही मोठ्या नावाचा असो, भरवशाचा नसतो. तो फक्त नवा असतो. भरवशाचा प्लग तो, ज्याने तुमच्या इंजिनात, तुमच्या ओझ्यासह, एक घाट चढून दाखवला आहे. आम्ही नवे प्लग घातले, की रविवारी पहाटे दोन मित्रांना मागे बसवून कात्रजचा जुना घाट चढतो. मित्रांना वाटते मी त्यांना फिरायला नेतो. वर टपरीवर चहा पाजतो म्हणून त्यांचीही तक्रार नसते.

घाटाइतकीच दुसरी परीक्षा म्हणजे प्लगाचा चेहरा. चढ संपून मोकळा सपाट रस्ता लागला, की एक-दोन किलोमीटर जोरात जावे, क्लच दाबून इंजिन बंद करावे, गाडी कडेला उभी करावी आणि निवल्यावर प्लग काढून पाहावेत. टोक फिक्या तपकिरी रंगाचे, बिस्किटासारखे असेल, तर सर्व कुशल. कोरडी मखमली काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा प्लग थंड आहे. ओले, तेलकट काळे असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्हगाइड झिजले आहेत. पांढरेफटक आणि फोड आल्यासारखे असेल, तर प्लग फार तापतो आहे. लगेच कारण शोधावे. चारही एका ओळीत मांडून पाहावेत, सुटे सुटे पाहू नयेत. आमच्या इंजिनात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची एक्झॉस्टची वाट सामाईक आहे. चाळीतल्या सामाईक मोरीसारखी. तेव्हा मधल्या दोघांचा चेहरा कडेच्या दोघांपेक्षा किंचित वेगळा दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही.

काळा प्लग पाहिला, की लोक प्लगाला दोष देतात आणि नवा आणतात. आठ दिवसांत तोही काळा होतो. मग कंपनी बदलतात. अहो, प्लग हा आरोपी नव्हे, साक्षीदार आहे. कार्बुरेटरने, रिंगांनी, कॉइलने काय केले, ते तो बिचारा तोंडाला काळे फासून सांगत असतो. कॉइलचेच पाहा. ब्रिटिश घडणीच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. पुढे कोणी ते फिरवले आणि कॉइलच्या दोन बारीक वायरी तशाच ठेवल्या, तर ठिणगी उलट दिशेने उडू लागते आणि तिला जास्त व्होल्ट लागतात. गाडी चालते, पण अशक्तासारखी. हे पाहायला पेन्सिल पुरते. मुठीत कोरडा रबर धरून, प्लगाची वायर आणि प्लगाचे टोक यांच्यामधे शिसाचे टोक धरावे. ठिणगीचा झोत प्लगाच्या बाजूला फुलला, तर दिशा बरोबर. वायरीच्या बाजूला फुलला, तर प्लग नका बदलू, कॉइलच्या वायरी बदला.

चेहरा वाचण्याची विद्याही आता थोडी नव्याने शिकावी लागते. जुन्या पुस्तकांतले रंग शिसेमिश्रित पेट्रोलच्या काळातले. ते पेट्रोल आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले, आणि प्लगावरचा तो करडा-तपकिरी थर त्याच्याबरोबर गेला. त्यानंतर इथेनॉल आले. २०२५ साली देशाने शंभरात वीस भागांचे मिश्रण गाठले. इथेनॉलमध्ये प्राणवायू अंगचाच असतो; त्यामुळे जुन्या पेट्रोलवर लावलेला कार्बुरेटर नव्या पेट्रोलवर हवा जास्त दिल्यासारखा वागतो आणि प्लग फिकट दिसू लागतात. हे पाहून घाईने थंड प्लग घालणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणे. आधी मिश्रण थोडे दाट करून पाहावे, आणि रबरी नळ्याही तपासाव्यात, कारण इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही.

इरिडियमच्या प्लगांविषयीही तरुण मंडळी विचारतात. इरिडियम २४४६ अंशांना वितळतो, साधा निकेल १४५५ला; म्हणून इरिडियमचे टोक सुईसारखे बारीक ठेवता येते, ते झिजतेही सावकाश, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टांत उडते. वस्तू उत्तम आहे. इंजिन निरोगी असेल तर जरूर घालावी. पण तेल पिणाऱ्या इंजिनात तीही साध्या प्लगासारखीच काळी होते, आणि मग काळी पडलेली महाग वस्तू पाहून माणसाला अधिक दुःख होते. प्लॅटिनम पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवले असेल, तर 'आर'चा प्लग किंवा रोधक असलेल्या वायरी घालाव्या. नाहीतर ते यंत्र भांबावते.

राहता राहिली फट. माझ्या इंजिनाला हँडबुकात ०.०२५ इंच सांगितली आहे, म्हणजे ०.६४ मिलिमीटर. खोक्यातून आलेल्या प्लगाची फट तीच असेल असे धरून चालू नये. फिलर गेजने पाहावी. गेज नसेल तेव्हा आमचे मिस्त्री लोखंड कापायच्या एक्सा ब्लेडचा तुकडा घालतात. मी एकदा कुतूहलाने मायक्रोमीटर लावून त्या पात्याची जाडी मोजली. ०.०२५ इंच भरली! बाजूची तार हलक्या हाताने वाकवावी, मधल्या टोकाला हात लावू नये. साफ करताना चिनी मातीवर लोखंडी ब्रश घासू नये; लोखंडाच्या रेघा राहतात आणि वीज त्यांवरून पळते.

आता नाव सांगतो, नाहीतर वाचक म्हणतील, बुवांनी एवढे पुराण सांगितले आणि प्रसाद दिला नाही. माझ्या गाडीत सध्या 'बी पी ६ ई एस' आहेत. इंजिनाचे काम करून घेण्यापूर्वी चौथे घर तेल फेकत असे, तेव्हा तिथे एकट्याला एक पायरी गरम, '५' नंबरचा घातला होता. इंजिन झाल्यावर तोही ६वर आला. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतो, घरी आल्यावर प्रत्येकाची मान हलवून पाहतो आणि मीटर लावतो. तुमच्या गाडीला हेच लागतील असे मात्र नाही. हँडबुकातल्या नंबरापासून सुरुवात करा, एक घाट चढा, चेहरे पाहा, आणि लागलाच तर एकच नंबर इकडचा किंवा तिकडचा करा.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तेव्हा पाटावर पाना, फिलर गेज आणि तो चहाचा डबा मांडतो. डब्यात नेहमी चार जुने, चालते प्लग असतात. यंदा पुतणीने त्यातला एक उचलला, मोबाइलच्या दिव्यात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "काका, हा दोन किंवा तीन नंबरचा ना?" चिठ्ठी पाहिली. तीन नंबरचा होता.